बाराफुटी देव

श्यामसुंदररावांच्या लाडक्या स्नूकर टेबलावर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या, तेव्हाच बेलापूरच्या त्या सोसायटीवर वीज कोसळायला हवी होती. ती राहिली बाजूला, उलट सेक्रेटरी रूपेशने क्लबहाऊसच्या दारावर नोटीस डकवली : टेबल जाणार, जिम येणार.

"काका, खेळतं कोण त्याच्यावर? पोरं तेच मोबाइलवर खेळतात."

"मोबाइलवर? मग उद्या मोबाइलवरच जेवा म्हणावं!"

खेळत कुणी नव्हतं, हे मात्र खरं. जोडीदार नामदेव लेकीकडे नाशिकला गेल्यापासून रावांचा उजवा हात डाव्या हाताशी खेळे. डावा चीटिंग करी. त्यावरून दोघांत असा अबोला आला, की आरतीला टाळ्या वाजवायचीही पंचाईत.

खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. रावांनी डाव साधला. टेबलाला झेंडूची माळ घातली, कडेने हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ ठेवला. पूजलेल्या वस्तूला हात लावायची सेक्रेटरीची काय बिशाद!

पण रूपेश महाबिलंदर. दसरा उलटताच हमाल घेऊन हजर. टेबल तसूभर हलेना. "सरका, मी बघतो," म्हणून त्याने स्वतः कोपऱ्याला हात घातला आणि कमरेत अशी उसण भरली, की गडी वाकला तो वाकलाच. अगदी देवापुढे वाकतात तसा.

नेमक्या त्याच वेळी पुतळाबाई आल्या. सोसायटी उभी होती ती यांच्या सासऱ्यांच्या भातशेतावर. माळ पाहिली, वाकलेला रूपेश पाहिला.

"काय हाय याचे आतमधी? एवरा जड?"

"कापडाखाली सपाट दगड असतो," राव अभिमानाने म्हणाले.

"दगुर!" पुतळाबाईंनी पदर सावरला. "आमचे बांधावरचा देव बिल्डिंग बांधताना गायब झाला. त्यो यो हाय!"

"अहो, हा दगड इटलीचा आहे!"

"मंग काय झाला? देव जात नाय फिराया?"

रूपेशची कंबर सुटली ती खरं तर बामाने. श्रेय गेलं टेबलाला. आठवडाभरात काळ्या चेंडूला चांदीचे डोळे बसले. चेंडू पडायच्या जाळ्यांत पेढ्यांचे पुडे पडू लागले. रावांची खेळायची काठी कुणीतरी भगवी पताका लावून कोपऱ्यात उभी केली. ती त्यांनी हिसकावून घेतली, तर चहूकडून कालवा :

"काका, चपला! चपला काढा आधी!"

"देवाला काठीने ढोसताय? वय काय तुमचं!"

रावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "उचला हे टेबल! मी स्वतः अर्ज देतो!"

"शिव शिव!" रूपेशने कान धरले. "जागृत स्थान आहे काका. जिम आपण गच्चीवर नेली ना."

"अख्ख्या नवी मुंबईत तुम्हाला देव करायला माझंच टेबल सापडलं?"

"माळ कुणी घातली होती?" नैवेद्याचं ताट घेऊन आलेल्या जयमालाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "आणि घसा कशाला फोडताय? हवंय तरी काय तुम्हाला?"

"एक गडी! समोर उभा राहून खेळणारा जिवंत माणूस!"

"मग मागा की. सगळे मागतायत."

राव धुसफुसले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी चपला काढल्या, चांदीच्या डोळ्यांवर डोळे रोखले आणि अबोला धरलेले दोन्ही हात बळंच जुळवले.

"लवकर धाड," ते गुरकावले. "आणि डावखुरा नको!"