यंत्राचा पहिला श्वास

प्रकाशा गावाच्या फाट्यावर भूपेंद्रचं गाड्यांचा धूर तपासायचं केंद्र होतं, आणि तपासणीचे साहेब येणार त्याच सकाळी यंत्र सगळं विसरून बसलं. सेन्सरमधली छोटी बॅकअप बॅटरी संपली होती. यंत्राची आठवण तीच सांभाळायची. साहेबांना यंत्र बंद दिसलं तर परवाना गेलाच. भूपेंद्रने शहाद्याहून नवी बॅटरी आणून बसवली. कंपनीच्या माणसाने फोनवर बजावलं होतं, की यंत्राला आधी मोकळी हवा घेऊ द्या. ते जी घेईल तिलाच स्वच्छ समजेल.

त्याने बटण दाबलं, तेवढ्यात त्याची आई मंगलाबाई पूजेचं ताट घेऊन आली.

"नवी वस्तू शे. पूजा कर्याबिगर चालू करू नको."

आईपुढे कंपनीचं काय चालणार? नारळ फुटला, यंत्राच्या हवा ओढणाऱ्या नळीला कुंकू लागलं आणि अगरबत्तीचा अख्खा पुडा नळीच्या तोंडाशीच पेटला. यंत्राने छाती भरून श्वास घेतला आणि आपण तयार असल्याचं दाखवलं.

पहिला आला सुकलाल. त्याची स्कूटर गल्लीतून गेली की डास मरत. ती पास तर झालीच, वर आकडा शून्याच्याही खाली गेला. म्हणजे स्कूटर धूर सोडत नव्हती, हवा धुऊन देत होती. बातमी कोरीट गावापर्यंत पोचली आणि कधी पास न झालेल्या गाड्यांची रांग लागली. मंगलाबाई प्रत्येकाला पूजेचं महत्त्व सांगत होती.

आकडे पाहून भूपेंद्रला घाम फुटला. यंत्र अगरबत्तीच्या धुरालाच स्वच्छ हवा मानत होतं. साहेबांनी हे पाहिलं तर संपलंच. त्याने घाईघाईने नळी मागच्या केळीच्या बागेत नेली आणि यंत्राला पुन्हा नव्याने श्वास घ्यायला लावला. मग रांगेतली एकेक गाडी नापास होऊ लागली. लोक खवळले, आणि त्याच गोंधळात साहेब आले.

त्यांनी यंत्र तपासलं, अगदी अचूक असल्याचा शेरा दिला. भूपेंद्रचा जीव भांड्यात पडला. "आता माझीही गाडी बघून टाका," साहेब म्हणाले.

साहेबांची गाडी नापास झाली.

"साहेब, सकाळे पूजा व्हयनी तवय मन्ही गाडी पास व्हयनी," सुकलाल म्हणाला.

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, मग फुटलेल्या नारळाकडे. यंत्र अचूक असल्याचा शेरा त्यांनीच नुकता लिहिला होता.

"आईंच्या भावना दुखावणं बरं नाही," असं म्हणत त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.