रिकाम्या टाकीतला मासा

"मला कुणी मासे दाखवायचे? चाळीस वर्षं रोज बाजारात माशाच्या डोळ्याला डोळा भिडवलाय मी!" मत्स्यालयाच्या दारातच सासूबाईंनी जाहीर केलं. मुलगा आणि सून फोटो काढत केव्हाच पुढे गेले होते. ऐकवायचं होतं ते सुनेच्या आईला, म्हणजे विहीणबाईंना.

विहीणबाई म्हणजे नाकावर सोनेरी काडीचा चष्मा आणि काखेत घडीचं वर्तमानपत्र! प्रत्येक टाकीजवळची पाटी त्या चष्मा सावरून न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "हं!" बस्स, एवढंच. पण त्या 'हं'मध्ये शाळा, कॉलेज आणि वर बक्षीस समारंभ!

सासूबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षरं म्हणजे त्यांना दोरीवर वाळत घातलेले कपडे. विहिणीला हे कळलं असतं तर उरलेला जन्म मान खाली घालून काढावा लागला असता. म्हणून त्याही प्रत्येक पाटीसमोर विहिणीपेक्षा दोन श्वास जास्त थांबायच्या आणि म्हणायच्या, "हं हं!"

सातव्या टाकीशी गुडघे कुरकुरले. काचेशेजारी खिळ्याला एक पाटी लटकत होती. सासूबाईंनी त्याच खिळ्यावर आपली भलीमोठी कापडी पिशवी अडकवली आणि पाटी झाकून टाकली. विहीणबाईंनी पाहिलं आणि सवयीनं म्हणाल्या, "हं!"

टाकीत दगड होते, वाळू होती. मासा मात्र औषधालाही दिसेना.

"रिकामी दिसतेय," विहीणबाई पुटपुटल्या.

"रिकामी? अहो, त्या दगडाआड बघा! खानदानी मासा आहे. उठसूट तोंड दाखवत नाही. दिसायला नजर लागते!"

विहीणबाई काय हार जातात! "दिसला, दिसला! ती काय शेपटी!"

"शेपटी कसली? मिशी आहे ती!"

टाय लावलेले एक गृहस्थ थबकले. "कोणता मासा, बाई?"

"लाजरा. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो."

"बरोबर! मी वाचलंय याच्याबद्दल," टायवाले म्हणाले.

झालं! बघता बघता पंधरा माणसं जमली. एकीला डोळा दिसला, दुसरीला पिल्लं दिसली. एका जाड्या गृहस्थांकडे बघून तर मासा चक्क हसला! शेजारच्या टाकीतले खरे मासे बिचारे तोंडं उघडमीट करत राहिले, त्यांच्याकडे बघतंय कोण?

सासूबाईंना आता स्फुरण चढलं. "वर्षातून एकदाच बाहेर येतो. गप्प राहा सगळे. आता येईल!"

आणि खरोखरच वरचं पाणी हललं! टायवाले कुजबुजले, "आला!"

आधी एक काळा गमबूट उतरला. मग दुसरा. मग हातात ब्रश घेतलेला अख्खा सफाईवाला! कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तो काच घासू लागला आणि एवढे लोक बघतायत म्हणून त्यानं खुशीत हातही हलवला.

"मेल्यानं पळवून लावला!" सासूबाई कडाडल्या.

तेवढ्यात सून परत आली. तिनं पिशवी उचलली आणि मोठ्यानं वाचलं, "'सफाईसाठी टाकी रिकामी. आत मासे नाहीत.' अहो आई, पाटीवरच पिशवी?"

गर्दी वाफ व्हावी तशी उडाली. "मला आधीच शंका होती," म्हणत टायवाले सगळ्यांत पुढे!

बाहेरच्या बाकावर दोघी विहिणी बसल्या. आता टोमणा येणार म्हणून सासूबाई पदर आवळून तयारच होत्या. विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"एक विचारू? पाटीवर तसं पहिल्यापासूनच लिहिलेलं होतं का हो?"

"म्हणजे? तुम्ही वाचली नव्हती?"

"चष्मा शोभतो म्हणून घालते मी. वाचायला कुणी शिकवलं मला?" विहीणबाईंनी काखेतली घडी पुढे केली. "आणि हे वर्तमानपत्र आपल्या मुलांच्या लग्नापासून काखेत आहे."

सहा महिने पुरतील एवढे टोमणे सासूबाईंच्या जिभेवर रांगेत उभे राहिले. त्यांनी ते एकेक करून गिळले.

"ते काही असो," त्या शेवटी म्हणाल्या, "पण ती मिशीच होती. शेपटी नव्हे."

विहीणबाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"हं!"