हवा जाते कुठून?

संगणकाच्या दुकानात गेल्यावर लोक किंमत विचारतात, वॉरंटी विचारतात. भोयरकाकांनी खिशातून उदबत्ती काढली आणि पेटवली. म्हातारबाबा देवभोळे दिसतात असं समजून दुकानदारानं हात जोडले. काकांनी मात्र काउंटरवरच्या एका चिमुकल्या पेटीच्या जाळीपाशी उदबत्ती धरली, मान तिरपी करून धुराकडे पाहिलं आणि निकाल दिला, "धूर आत जाऊनच नाही राहिला गा. ही पेटी नाही, हा कोंडवाडा आहे."

त्यांना स्कूटरवर बसवून आणणारा शेजारी मीच. मला एकदम पलीकडच्या माउसमध्ये फार रस निर्माण झाला.

काकांचा उभा जन्म नागपूरजवळच्या वाडीतल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये संत्र्यांच्या पेट्या थंड ठेवण्यात गेला. रिटायर होताना त्यांनी सोबत काय आणलं, तर एक प्रश्न. "हवा येते कुठून ते सोड, जाते कुठून ते सांग." माझ्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी आहेर देण्याआधी हाच प्रश्न विचारला आणि पंगत बसलेली असताना हॉलभर उदबत्ती फिरवली. घराचा नकाशा काढणारा माझा मेव्हणा तेव्हा नेमका पहिला घास घेत होता. तो अजून काकांचं नाव काढत नाही.

आता या पेटीचं प्रकरण. मागच्या मे महिन्यात काका अंगणात ऊन लागून पडले. घरात दुसरं कोणी नाही. काकू जाऊन सहा वर्षं झाली आणि मुलगी रश्मी जर्मनीत नोकरीला. दिवाळीत ती आली तेव्हा तिनं समोरच्या खोलीत एक छोटा संगणक बसवला. पत्त्यांच्या जोडाएवढा, एकाच उघड्या पट्टीवर, म्हणजे बोर्डावर, सगळा कारभार. तो खोलीचं तापमान मोजतो, आणि पारा चाळिसावर गेला की थेट तिच्या मोबाइलवर निरोप धाडतो. बाप इथं तापला की लेकीला तिथं कळावं, एवढाच हेतू.

मार्चमध्ये आम्ही नागपूरकर जे करतो ते काकांनी केलं. कूलर धुतला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. आणि आयुष्यभर गारव्याची सेवा केलेल्या माणसानं तो उघडा बोर्ड थेट कूलरच्या तोंडासमोर स्टुलावर ठेवला. "आता पाह्य कसा मस्त रायते!" पंधरा दिवसांत त्या ओल्या वाऱ्यानं बोर्डावर हिरवी बुरशीसारखी पुटं चढली आणि त्यानं मान टाकली.

दुसरा बोर्ड आला. काकांनी कूलर बंद ठेवला. पण एप्रिल लागताच हा बोर्ड स्वतःच तापून बंद पडायला लागला, तोही खोली एकोणचाळिसावर असतानाच. ज्यानं उन्हाची वर्दी द्यायची, तोच आधी भोवळ येऊन पडायचा! काका कासावीस झाले. इतके की मला सकाळी सातला उठवून म्हणाले, "सुधीर, मशीन चाळिसाले जित्ती पायजे गा. मंग काही होवो."

म्हणून बोर्डाला गार ठेवील अशा पेटीसाठी आमची दुकानं पालथी घालणं सुरू झालं. एक पेटी पारदर्शक होती. "हे तं शोकेस आहे. आत बोर्ड मरून राहिला ते सगळ्याईले दिसते, बस." दुसरीला पंखा होता, पण आठवड्यात आमच्या धुळीनं त्याचा घसा बसला. अखेर रामदासपेठेतल्या एका दुकानात जाड ॲल्युमिनियमची, पाठीवर पन्हाळी असलेली पेटी सापडली. पंखा नाही, आवाज नाही, पेटीच बोर्डाची उष्णता ओढून बाहेर टाकते. काकांनी तिला उलट्या हातानं चाचपलं आणि उदबत्ती खिशातच ठेवली. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी पन्हं घेऊन त्यांच्याकडे गेलो. काका बनियनवर, घामानं चिंब. पेटी पुढ्यात, कूलर बंद.

"काका, कूलर अजून काहून बंद?"

"बोर्डाले ओल चालत नाही ना."

"मग बोर्ड आतल्या खोलीत न्या की! खोलीचं तापमान मोजायला इथं एक तार पुरते."

पेटीशेजारच्या बारक्या पडद्यावर आकडा होता, एकोणचाळीस पूर्णांक आठ. काका त्याच्याकडे बघत होते. आकडा चाळिसावर गेला. मिनिटभरात फोन वाजला. साधाच फोन, चेहरा दिसणारा नव्हे, तरी काकांनी आधी केसांवरून हात फिरवला.

"बाबा, चाळीस झाले ना जी! कूलर लावा आधी!"

"लावतो वं माय. तू जेवली काय?"

मग ती काय जेवली, तिकडे पाऊस आहे का, खोकला गेला का, असं पाच मिनिटं चाललं. फोन ठेवून काका माझी नजर चुकवत म्हणाले, "मी केला तं तिची मीटिंग रायते गा. मशीनीचा निरोप गेला तं मीटिंग सोडून करते."

मला राग आला. "मागच्या वर्षी अंगणात पडला होतात तुम्ही, विसरलात काय?" मी उठलो आणि कूलरच्या बटणावर हात ठेवला.

"दहा मिनिटं राहू दे," काका म्हणाले. "आकडा उतरला नाही तं ती पुन्हा फोन करते."

मी हात काढून घेतला. खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि घाम पुसत आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो.