सहा बरण्या आणि सतरा नंबरचं टेबल

मी फक्त बरण्या पुसायला घेतल्या होत्या. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा, कारण आमच्या घरात हे वाक्य आता कोणी पूर्ण ऐकून घेत नाही.

त्याचं असं झालं. आमच्या सौभाग्यवतींनी सेहेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं. लग्नाआधी अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करायचं म्हणून. पहिल्याच वर्षाला जीवशास्त्र, विषय ‘सजीवांची विविधता’. तिने फॉर्म दाखवला तेव्हा मी हसलो होतो. (फार नाही, दोनदाच. पण त्यानंतर आठ दिवस डबा माझा मीच भरत होतो.) ती मात्र पेटलेली. भाजी चिरताना ‘कणा असलेले, कणा नसलेले’ असं पुटपुटायची आणि दुसऱ्या शब्दाला माझ्याकडे बघायची.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला प्रत्येकाने सहा सजीव जमवून आणायचे होते. तीस मार्क. महिनाभर खपून तिने गॅलरीत सहा बरण्या मांडल्या होत्या. परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता ती मैत्रिणींबरोबर लायब्ररीत उजळणीला निघाली. बसच्या गर्दीत बरण्या सांडतील म्हणून त्या स्कूटरवरून पोचवायचं काम माझ्याकडे.

“अकरा वाजता कॉलेजच्या गेटात,” चपला घालता घालता ती म्हणाली. “आणि कशालाही हात लावू नका.”

“अगं, हात न लावता आणू कशा?”

“अहो, कळतंय तुम्हाला मी काय म्हणते ते.”

मला कळलं होतं. पण माझी रजा शिल्लक होती, ती वाया जाऊ नये म्हणून साहेबांनी मला जबरदस्तीने घरी बसवलेलं, आणि बसणं हे मला ऑफिसच्या खुर्चीतच जमतं. घरी मला सुचत नाही. पेपर वाचून झाला. दुसऱ्यांदा वाचून झाला. घड्याळाची किल्ली... आमचं घड्याळ सेलवर चालतं, तरी मी मागे बघून आलो. सात वाजून वीस मिनिटं! अकरापर्यंत एका माणसाने करायचं काय?

मग माझं लक्ष बरण्यांकडे गेलं. बाहेरून धुळीने माखलेल्या. परीक्षक काय म्हणतील? घरात पुसायला कोणी नाही? मी फडकं घेतलं.

पहिली बरणी पुसली तर आतलं पाणी गढूळ दिसायला लागलं. त्यात कुजकं गवत, वर साय. ओतून दिलं आणि फिल्टरचं स्वच्छ पाणी भरलं. दुसरीत पावाचा तुकडा, काळा-हिरवा झालेला. बिचारी अभ्यासाच्या नादात खायला विसरली असेल म्हणून फेकला. तिसरीत विटेचा तुकडा, त्यावर हिरवट काहीतरी चिकटलेलं. ब्रशने घासून लालबुंद केला. चौथीत एका रोपट्याचं लांब पान होतं. त्याच्या पाठीमागे ओळीने तपकिरी ठिपके, म्हणजे कीडच की! साबणाच्या पाण्याने एकेक ठिपका टिपून काढला. पाचवीत नुसती माती. नुसती माती कोण नेतं परीक्षेला? खाली जाऊन फुलांच्या वाफ्यात ओतून आलो. सहावीत एक गोगलगाय होती. ती जिवंत आहे हे मलाही समजत होतं, म्हणून तिला हवा लागावी एवढ्यासाठी झाकण काढून ठेवलं.

मागे सरून पाहिलं. बरण्या कशा लखलखत होत्या! मला माझाच अभिमान वाटला. अशा वेळी बायको समोर नसते, हे संसारातलं मोठं दुःख आहे.

बरण्यांखालचा कागद पुसायला उचलला, तर त्यावर तिचं सुवाच्य अक्षर. ‘एक: साचलेलं पाणी, त्यात एकपेशीय पॅरामेशियम. दोन: पावावरची बुरशी. तीन: शेवाळं. चार: नेचा, पानामागे बीजाणू. पाच: गांडुळं, मातीत. सहा: गोगलगाय.’

मी कागद तीनदा वाचला. एक ते पाच मी स्वतःच्या हाताने घालवले होते. निदान सहावी आहे, म्हणून वळलो, तर बरणीत कोबीचं पान तेवढं होतं.

साडेआठ वाजले होते. मघापर्यंत न सरकणारं घड्याळ आता पिसाळल्यासारखं पळायला लागलं.

आधी गॅलरी धुंडाळली. कपाटामागे, कुंड्यांखाली, वाळत घातलेल्या पायजम्याच्या आत. ज्या प्राण्याच्या नावाने आपण मंद माणसाला हिणवतो, तो मला गुंगारा देऊन गेला होता. मग धावत खाली गेलो आणि वाफा उकरायला बसलो.

तळमजल्यावर निवृत्त न्यायाधीश राहतात. सगळे त्यांना जज्जसाहेब म्हणतात. ते खिडकीत आले.

“काय शोधताय?”

“गांडुळं.”

“हरवली?”

“नाही, सोडून दिली. मघाशी. चुकून.”

जज्जसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. साक्षीदार फुटला की ते असंच करत असणार. मला दोन गांडुळं सापडली. (ती आमचीच की वाफ्यातली स्थानिक, हे सांगता येणार नाही.) तेवढ्यात माझी नजर त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीवर गेली. काय शेवाळं होतं! गार, दाट, हिरवंगार!

“साहेब, तुमच्या भिंतीवरचं थोडं शेवाळं मिळेल का?”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती भिंत ओली होते ती आमच्या नळाच्या गळतीने, असं जज्जसाहेब दोन वर्षं म्हणत होते, आणि आमचा नळ ठणठणीत आहे, असं मी दोन वर्षं म्हणत होतो. इमारतीच्या तीन सभा त्यावर मोडल्या होत्या.

“कुठून आलं हे शेवाळं?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“ओलीवर येतं ना ते.”

“ओल कुठून आली?”

मी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ.

“लेखी द्या,” जज्जसाहेब म्हणाले. “आणि हवं तेवढं न्या.”

मी दिलं. ‘वरच्या मजल्यावरील नळाच्या गळतीमुळे’ पासून ‘कोणताही दबाव नसताना’ पर्यंत सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आणि सही ठोकली. त्यांनी तारखेबरोबर वेळही घालायला लावली. मग स्वतः चमच्याने एक सुंदर तुकडा खरवडून दिला. दोन वर्षांत त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

राहिली बुरशी. कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो.

“बुरशी आलेला पाव आहे का?”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळी माझ्याकडे आणि मग आपापल्या पिशवीत बघायला लागली. बेकरीवाला काउंटरवर ओणवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “साहेब, तपासणीला आलात का? आत या ना, चहा घ्या.”

“नाही हो, मला खरंच हवाय. एकच. चांगला सडलेला.”

“बावीस वर्षांत माझ्या दुकानात—” त्याचा आवाज चढला. मी बाहेर पडलो. परत येऊन बरण्यांच्या खोक्याला जागा होते का बघायला स्कूटरची डिकी उघडली, तर आत गेल्या आठवड्यातला डबा. आत सँडविच. त्यावर अशी काही बुरशी, की आठ दिवसांत माझ्या हातून घडलेलं ते एकमेव भरीव काम म्हणावं. पाणी दिवाणखान्यातल्या फुलदाणीतून घेतलं, कारण फुलं कधीची मेली होती. नेच्याचं पान होतं तेच ठेवलं. सहावी बरणी रिकामीच घेतली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि निघालो.

पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. गेटात ती नव्हती. मी बरण्यांचं खोकं छातीशी धरून जिने चढलो. प्रयोगशाळेच्या दारात शिपाई.

“किती उशीर? सतरा नंबर तुम्हीच ना?”

“नाही, मी नुसत्या बरण्या—”

“बरण्याच मांडायच्यात. चला, मॅडम आल्या.”

त्याने मला खांद्याला धरून सतराव्या टेबलापाशी उभं केलं. त्या टेबलाचा खरा धनी गैरहजर होता. समोर एकोणिसाव्या टेबलामागे आमची सौभाग्यवती. टेबल रिकामं, चेहरा पांढरा. मी खुणा केल्या. तिने मान हलवली, म्हणजे ‘बोलू नका’. मी त्याचा अर्थ ‘घाबरू नका’ असा घेतला.

परीक्षक मॅडम आल्या. त्यांनी गांडुळांची बरणी उचलली. “याचा संघ कोणता?”

“संघ?” मी चाचरलो. “मी आता कुठल्याच संघात नाही, मॅडम. पूर्वी कर्मचारी संघात होतो.”

मॅडम थांबल्या. “बरं. वर्ग?”

“तृतीय. लिपिक.”

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मॅडमनी सहाव्या बरणीत डोकावून पाहिलं. “ही रिकामी का?” मी घाम पुसायला हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मॅडम त्याच्या आत वाकून बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “रिकामी नाही. नमुना इथे आहे.” गोगलगाय अस्तराला चिकटून बसली होती. गॅलरीत हेल्मेट बरण्यांच्या शेजारीच ठेवलेलं असतं हे मला तेव्हा आठवलं.

इतक्यात सौभाग्यवती उठली. तिचा आवाज थोडा कापत होता. “मॅडम, माझे नमुने पोचले नाहीत. तीस मार्कांचा प्रश्न आहे. या टेबलावरचेच ओळखून दाखवू का?”

मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “या.”

ती आली आणि जी सुटली! “हा नेचा. पानामागे बीजाणूंचे पुंजके असायला हवेत. कोणीतरी साबणाने पुसलेत, इथे फेस दिसतो. हे शेवाळं न्हाणीघराच्या भिंतीचं, चुना चिकटलाय. या पाण्यात गवत नाही, म्हणजे फुलदाणीतलं. पॅरामेशियम असले तर थोडेच. बुरशी उत्तम आहे, पण ही पावावर नाही, टोमॅटोच्या चकतीवर वाढली आहे. आठ दिवसांची असेल.” एकेका चुकीवर ती बोट ठेवत होती, आणि प्रत्येक वाक्याला तिचा आवाज स्थिर होत गेला. पंचवीस वर्षांत ती मला इतकी हुशार कधी दिसली नव्हती. किंवा मीच पाहिलं नव्हतं. दोन वेळा हसणारा मी, हातातलं फडकं चुरगळत उभा होतो. (हो, फडकं बरोबर आलं होतं.)

मॅडम म्हणाल्या, “चांगल्या नमुन्यांवरून कोणीही सांगेल. बिघडलेल्यावरून सांगायला विषय कळावा लागतो.” आणि अठ्ठावीस लिहिले.

परीक्षा संपल्यावर मी गेटाबाहेर स्कूटर चालू करून थांबलो. ती मैत्रिणींच्या घोळक्यातून सुटून जवळ आली. चेहरा फुललेला.

“रागावलीस?”

“नंतर रागावते. आत्ता वेळ नाही.” मग ओठ दाबत म्हणाली, “मॅडमनी विचारलं, ते सतरा नंबरचे काका तुमच्या ओळखीचे का?”

“मग?”

“नाही म्हणाले. रस्त्यात कधीतरी दिसतात, म्हटलं.”

मी निमूटपणे मागची सीट पुसली. ती बसली नाही.

“कोपऱ्यापर्यंत पुढे व्हा,” ती इकडेतिकडे बघत कुजबुजली. “मॅडम अजून गेटातच उभ्या आहेत. मी चालत येते.”