सुई बारावर आली की

आमचे इनामदारचाचा चालू गप्पांत एकदम कधीच शिरत नाहीत. आधी कँटीनच्या दाराशी उभे राहून कान देतात, तर्जनी वर करतात, आणि बोट खाली आलं की मगच आत. एका लग्नात बँडशी पावलं जुळेपर्यंत मांडवाबाहेर थांबले होते. पहिली पंगत उठली, तरी हे आपले बाहेरच!

बिबवेवाडीच्या आमच्या हॉस्पिटलात मी लाँड्री बघते. मागच्या आवारात चाचांचं गॅसवरचं इंजिन आहे. ते वीज करतं, आणि त्याच्याच धगीवर माझ्या चादरींचं पाणी तापतं. उरलेली वीज शहराच्या तारांत जाते. पण जोडताना इंजिनाची चाल शहराच्या विजेशी तंतोतंत जुळावी लागते. चुकलं तर इंजिनाचे तीनतेरा.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा मी तिथेच होते. तबकडीवर सुई गरगरत होती; ती मंदावून बारावर आली की दोन्ही चाली जुळल्या. चाचांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केस सारखे केले.

"अहो चाचा, फोटो काढायचाय का?"

"बाई, येरवड्यातला पंखा नि मांजरीतला पंप, सगळं पुणं या घडीला एका चालीत फिरतंय. आपल्यासाठी ते थांबणार आहे का? आपणच त्याच्या चालीवर यायचं."

पुणं कुणासाठी थांबत नाही, हे मी रोज सातारा रस्त्यावर बघतेच. पण सुई मंदावली, बोट वर गेलं, सुई बारावर आली आणि स्विच खट्! इंजिनाचा सूरसुद्धा हलला नाही. एवढ्या मोठ्या शहरात आम्ही शिरलो आणि कुणाला पत्ताही नाही!

पाच वाजले की मात्र चाचा बेचैन. चाचींना विसरण्याचा आजार आहे. दिवसा त्यांची बहीण सोबत असते. "कधी ओळखते, कधी दारातूनच परत पाठवते," एकदा म्हणाले होते.

परवा त्यांचा राहिलेला डबा द्यायला घरी गेले, तर चाचा स्वतःच्याच दाराबाहेर उभे. वरचं बटण लावलेलं. त्यांनी कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून चाची.

चाचांचं बोट वर गेलं. "आज मराठी," ते हळूच मला म्हणाले. "घरात आम्ही हिंदीच बोलतो. मराठी आली म्हणजे आज मी परका."

बोट खाली आलं.

"मीटर बघायला आलोय, मॅडम."

दार उघडलं. "या. पण लवकर उरका हं. आमचे हे येतील एवढ्यात, त्यांना आल्याआल्या चहा लागतो."

"मग तुम्ही आधण ठेवा," चाचा म्हणाले. "ते येईपर्यंत मी थांबतो."