जर्मन साहेबाची जागा

महल्ले सर हाक मारताना मध्ये स्वल्पविराम उच्चारतात. मी सुनील गावंडे. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर भर गर्दीत सर मला ओरडून बोलावतात, "गावंडे, स्वल्पविराम, सुनील!" आणि अख्खं स्टँड वळून बघतं. कुणी वारलं तरी फोनवर बातमी तशीच: "राऊत, स्वल्पविराम, नामदेव गेले." ऐकणाऱ्याला रडावं की हसावं कळत नाही.

सर जन्मभर कॉलेजात ग्रंथपाल होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण अक्षरांचा क्रम काही डोक्यातून निवृत्त झाला नाही. लग्न केलं नाही, स्वयंपाक स्वतःच करतात. मसाल्याच्या डब्यात जिरे, तिखट, धने, मीठ, मोहरी, हळद असे जिन्नस बसतात आणि कढईतही त्याच क्रमानं पडतात. एकदा जेवताना मी भीतभीत म्हणालो, "सर, मोहरी कच्ची लागते."

"लागू दे ना बाप्पा," सर म्हणाले, "पन सापडते तं!"

वाचनालयानं तालुक्याचा व्यक्तिकोश काढायचं ठरवलं, तेव्हा संपादक म्हणून दुसरं कुणाचं नाव सुचणं शक्यच नव्हतं. मला टायपिंग येतं, म्हणून मी सहसंपादक झालो. कोशाच्या समितीचे अध्यक्ष बाबाराव पाटील. त्यांच्या घरच्याच माणसांनी 'प' निम्मा भरला होता. सगळं सुरळीत चाललं होतं, घोडं अडलं ते जर्मन साहेबापाशी.

हा फॉन लिंडनबाख नावाचा साहेब फार पूर्वी कपाशीचा अभ्यास करायला आसेगावात येऊन राहिला होता. कपाशीचं त्याच्या हातून काय भलं झालं ते कुणालाच सांगता येत नाही, पण आपल्या तालुक्याच्या कोशात एक जर्मन आहे याचा समितीला भलताच अभिमान. प्रश्न एवढाच, की त्याला 'फ'मध्ये टाकायचं की 'ल'मध्ये? साऱ्या कोशात जर्मन एकच, पण सरांनी त्याच्यावर पुरता उन्हाळा घालवला. कोण कुठल्या परदेशी कोशांचे नियम मागवले, वाचले, मलाही वाचायला लावले.

शेवटी बैठकीत निकाल दिला. "फॉन म्हंजे 'चा'. अमक्या गावचा. थे नाव नोहे. जे नाव नोहे, थे नोंदीत पुढं बसनार नाई. साहेब 'ल'मदी जाईन."

पाटील खुर्चीत सरसावून बसले. "म्हंजे फॉन ही तिकडची पाटीलकीच झाली ना? आज त्याचं फॉन मागं नेलं, उद्या माह्या नावातलं पाटील मागं न्याल! आमचं मूळचं आडनाव भोयर हाये. मंग मी कोन, भोयर?"

"नियमानं तं भोयरच," सर शांतपणे म्हणाले.

पाटलांचा चेहरा पडला. सरांनाच मग थोडी दया आली. "तिकडं फॉनच्या जागी 'फॉम' आन 'त्सुम' असले तर थे पुढं राह्यतात. असा अपवाद हाये."

"मंग याले फॉम करा ना! इथं कोन पाह्याले येऊन राह्यलं?"

सर फक्त हसले. ते हसणं पाटलांना झोंबलं. त्यांनी माझ्यापुढचे टाइप केलेले कागद ओढले, चाळले आणि 'ध'वर बोट ठेवलं. "आन हे काय हाये? धनजवाली, सुईण, आसेगाव. धनजवाली हे नाव हाये काय?"

आमच्याकडे सून गावात आली की तिचं नाव मागे पडतं आणि लोक तिला माहेरच्या गावानं ओळखतात. ही बाई कारंज्याकडच्या धनजची, म्हणून धनजवाली. आसेगावातल्या दोन पिढ्यांची बाळंतपणं तिनं केली. खुद्द पाटीलही तिच्याच हातावर जन्मले. सरांची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा या विधवा, मूलबाळ नसलेल्या बाईनं सरांना उचलून आपल्या घरी नेलं आणि कॉलेजात जाईपर्यंत वाढवलं. हे सगळं समितीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"तिचं नाव सांगा सर," पाटील म्हणाले, "नाईतर तुमच्याच नियमानं बाई गाळा."

जन्मभर हजारो माणसांची पूर्ण नावं पाठ असलेला माणूस खाली बघत राहिला. "मले मालूम नाई," ते म्हणाले. "मी माय म्हनत होतो."

पाटलांनी आठ दिवस दिले. तेवढ्यात नाव मिळालं नाही, तर धनजवाली कोशाबाहेर.

आम्ही आसेगावात घरोघर विचारलं. जो तो म्हणे, "धनजवाली ना? काय बाई होती, राजा!" आणि तिच्या हातगुणाच्या गोष्टी सुरू. नाव कुणालाच येईना. नवऱ्याचं आडनाव इंगोले निघालं, पण नुसत्या आडनावावर सर नोंद करीनात. मी म्हणालो, "सर, शांता नाहीतर गंगा, टाकून द्या एखादं. कोण तपासतंय?" सरांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते थेट धनजच्या बसमध्ये बसेपर्यंत.

धनजला तिचं माहेर सापडलं. भाऊ कधीचा गेलेला. त्याची सून होती, ती स्वतःच म्हातारी. अंगणात तुरी पाखडत बसली होती. सरांनी येण्याचं कारण सांगितलं. बाईचा चेहरा खुलला. "आत्याबाई? मालूम हाये ना! आमी आसेगाववाली आत्या म्हनो."

"आन नाव?"

"नाव कोन घेते मोठ्या मानसाचं?" ती म्हणाली.

सासरी माहेरचं गाव, माहेरी सासरचं गाव. सर ओट्यावर बसले. त्यांच्याकडे बघवेना. इतका खचलेला माणूस मी फार दिवसांनी पाहत होतो, आणि पाटलांचा मला मनापासून राग आला.

"तुमी कोन तिचे?" म्हातारीनं विचारलं.

सर ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "पोरगा."

म्हातारी सूप बाजूला ठेवून उठली. डोक्यावर पदर घेतला. "आत्याचा पोरगा म्हंजे या घरचा भाचा," असं म्हणून तिनं वाकून सरांच्या पायांना हात लावला. भाच्याच्या पाया पडायची आमच्याकडे रीतच आहे. पण सरांच्या पाया नात्यानं पडणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. सर भांबावून पाय मागे घेऊ लागले, तर ती रागावली. मग कुंकू लावलं, पेटीतून कोरी टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "इतक्या सालानं आले भाऊ, जेवल्याबिगर जाऊ नका." सर मुकाट जेवले. दुसऱ्यांदा भाकरी वाढली तेव्हाही नको म्हणाले नाहीत. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

परतीच्या बसमध्ये टोपी तशीच डोक्यावर. कारंजा मागे पडलं तेव्हा सर बोलले. "गावंडे, जर्मनाले 'फ'मदी टाक. गाव त्याले फॉनसाहेबच म्हने. शोधनारा तिथंच शोधन."

"आणि धनजवाली?"

"'ध'मदीच राहू दे. थ्या नावानं हाक मारली का धावत येत होती ती."

पाटलांचा 'प' वाचला, म्हणजे आता धनजवालीवर त्यांची हरकत उरणार नव्हती; कोशही वाचला. माझी उद्यापासूनची टायपिंगची कामं मी मनात जुळवू लागलो. प्रत्येक नोंदीखाली माहिती देणाऱ्याचं पूर्ण नाव छापायचं, हा सरांचाच दंडक. म्हणून म्हणालो, "तिच्या नोंदीखाली तुमचं नाव टाकतो, सर."

सर खिडकीबाहेर पाहत होते.

"नाव नको टाकू," ते म्हणाले. "नुस्तं 'तिचा पोरगा' लिव."