किसनभाऊंची टिकली

मोबाईलला टिकली लावणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या कामरगावचे किसनभाऊ. पुढच्या कॅमेऱ्यावर मरून रंगाची, अगदी मधोमध. कॅमेऱ्यातून कोणीतरी आपल्याला पाहत असतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांचा मोबाईल सवाष्ण झाला.

भाऊ जन्मभर कचेरीत शिपाई होते. साहेबांचे कागद कोणाला दिसू दिले नाहीत, तीच खोड निवृत्तीनंतर घरी आली. भाजी काय केली, असं विचारलं तरी उत्तर एकच, "तुमाले काय करा लागते, मास्तर?" ओटीपी आला की म्हशीकडे पाठ करून वाचायचे. एकदा पासवर्ड कागदावर लिहून पेटीत ठेवला आणि किल्ली इतकी जपून लपवली की शेवटी कुलूप फोडावं लागलं. मी शेजारी, त्यात शाळामास्तर, म्हणून मोबाईलची कामं माझ्याकडे यायची. तरी तो माझ्या हातात देताना एक टोक ते धरून ठेवत.

यंदा त्यांचा हयातीचा दाखला अडला. पेन्शनवाल्याने दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं असतं. नोकरी सांभाळून शेतातही राबल्याने भाऊंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे कारंजा गावच्या सेवा केंद्रातल्या यंत्राने अंगठा ओळखलाच नाही. उरला मोबाईलवर चेहरा दाखवायचा मार्ग, आणि मुदतीचे दोन दिवस.

टिकली काढा म्हणालो, तर भाऊंनी मोबाईल खिशात घातला. पेन्शन बंद होईल, हे सांगून पाहिलं. चेहरा कोणी चोरत नाही, हेही सांगितलं. शेवटी चिडलोच. तेव्हा त्यांनी नखाने हळूच टिकली सोडवली आणि मनगटावर ठेवली.

आता मोबाईल म्हणे डोळे मिटा, उघडा. भाऊ डोळे ताणून बसलेले. "मिटले अन् त्यानं मेला म्हनलं त?" बऱ्याच वेळाने चुकून पापणी लवली आणि किसनभाऊ सरकारदरबारी जिवंत झाले.

टिकली मात्र परत चिकटेना. तिचा डिंकच गेला होता. आमच्या घरून अख्खं पाकीट आणून देतो म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पहिल्यांदाच मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर आरसा होता, त्याच्या कडेला डिंकाचे वाळके ठिपके. भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, निजताना कपाळावरची टिकली आरशाला लावून ठेवत. त्या जाऊन तीन वर्षं झाली. मोबाईलवरची एक सुटली की भाऊ आरशावरची दुसरी काढून लावत आले होते.

"हे आखरीची होती, मास्तर."

मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. त्यांनी चुलीजवळच्या पातेल्यातून भाताचं एक शीत आणलं, बोटाने चुरडलं आणि टिकली आरशालाच लावली, वहिनींचं कपाळ येई तेवढ्या उंचीवर.

मोबाईल तसाच उघडा पडला होता. कॅमेरा झाकायला दुसरं काही देऊ का, म्हणून विचारलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "पाह्यलं कोनी त पाहू द्या. या घरात मले पाहाले दुसरं हायेच कोन?"